कर्नलसाहेबांना कुणी हाक मारीना

सकाळी जाग आली की कर्नल सर हम्फ्री ट्रेलोर डोळे न उघडता आधी उजेडाचा अंदाज घेत. डावीकडून येतोय म्हणजे बेळगावची छावणी. पायाशी येतोय म्हणजे माल्टा. डोक्यामागून येतोय म्हणजे होबार्टचा सरकारी बंगला, आणि आता पाच मिनिटांत कुणीतरी चहा घेऊन दार वाजवणार. पण दार काही वाजत नसे. बाहेर कुठलंसं पाखरू शीळ घाली, नदीवरच्या धुक्यातून आगबोटीचा भोंगा येई, आणि मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येई, की अरे, आपण कोल्ड क्रीकला आहोत. हुऑन नदीच्या काठी, स्वतःच्या लाकडी घरात. चहा आपला आपणच करायचाय.

तेवढ्या पाच मिनिटांत ते सगळं आयुष्य हिंडून येत. जन्म छावणीतला, एका आयेच्या मांडीवर. बाप पलटणीत, आजा पलटणीत, आणि सोळाव्या वर्षी हेही पलटणीत. कुठल्याही गावी तीन वर्षांवर मुक्काम म्हणून नाही. कुठल्याशा डोंगराळ मुलखात त्यांनी गावं जाळली होती आणि त्याबद्दल पदक मिळालं होतं. ते पदक त्यांनी कधी लावलं नाही, पण फेकूनही दिलं नाही. पुढं गुडघ्यात गोळी लागली, घोडा सुटला, खुर्ची आली, आणि या खुर्चीतून त्या खुर्चीत सरकत सरकत एके दिवशी ते टास्मानियाचे गव्हर्नर झाले. अर्धवट झोपेत या सगळ्या जागा एकमेकींत मिसळून जात. माल्टाच्या जिन्यावरून उतरावं आणि थेट बेळगावच्या विहिरीपाशी निघावं, असं काहीतरी.

आता गव्हर्नराचं आमच्याकडे कसं असतं, मुदत संपली की बँड वाजवायचा, हार-तुरे झाले की आगबोटीत बसवायचं आणि नवा यायच्या आत जुना नजरेआड करायचा. एका खोऱ्यात दोन गव्हर्नर म्हणजे एका घरात दोन सासवा. कर्नलांनाही रीतसर बसवलं. धक्क्यावर आम्ही रुमाल हलवले. आणि चार महिन्यांनी हा गृहस्थ दोन ट्रंका घेऊन साध्या आगबोटीनं परत आला की हो! कोल्ड क्रीकच्या धक्क्यावर उतरला आणि म्हणाला, "ती वरची नऊ एकरांची बाग विकाऊ आहे ना? ती मी घेतलीय."

कारण होती एलिनॉर, त्यांची बायको. गव्हर्नर असताना दोघं एकदा आगबोटीनं नदीची सफर करत आली होती. धक्क्यावर आमच्यातल्या डॉर्कस पायबसनं बाईंच्या हातात एक सफरचंद ठेवलं. बाईंनी ते हातमोज्याला पुसलं आणि सगळ्यांच्या देखत करकरून चावलं. रस कोपरापर्यंत ओघळला. समोर नदी चहासारखी तपकिरी, पलीकडे झोपलेल्या बाईच्या आकाराचा तो डोंगर. बाई म्हणाल्या, "हम्फ्री, आपण इथंच उतरलो तर?" कर्नल हसले, कारण रात्री होबार्टला मेजवानी होती. पुढच्याच हिवाळ्यात बाई गेल्या. आपण तेव्हा नुसते हसलो, याचं त्यांना जन्मभर वाईट वाटत राहिलं.

तर ते आले, आणि खोऱ्याची झोप उडाली. या माणसाशी वागायचं कसं? आमच्यातल्या निम्म्यांचे आजे पायात बेड्या घालून या बेटावर आलेले. हे आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही. त्या काळी गव्हर्नराची सही मिळाली तर सुटका, नाही मिळाली तर फटके. आणि आता गव्हर्नर बाजूच्या बागेत गुडघ्यावर बसून तण उपटतोय. कुणाचा विश्वास बसावा?

पहिल्या रविवारची गंमत तर अजून सांगतात. गव्हर्नर उठल्याशिवाय चर्चमध्ये कुणी उठायचं नाही, ही जुनी रीत. पाद्रीबाबांनी शेवटची प्रार्थना म्हटली, पेटीवाली पेटी वाजवून दमली, तरी सगळे बसलेले. कर्नलांना वाटलं, आपण आता साधा माणूस, आधी गावकऱ्यांना जाऊ द्यावं. गावकऱ्यांना वाटलं, साहेब ध्यानात आहेत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. खिडकीतून ऊन आत आलं, म्हातारे पेंगायला लागले, सगळं चर्च कसं एका लांबलचक स्वप्नात बुडाल्यासारखं झालं. शेवटी डॉर्कस पायबसचा धीर सुटला. मागच्या बाकावरून ती ओरडली, "अहो साहेब, उठता का आता? तिकडे भट्टीत माझी मटणाची तंगडी करपतेय!"

कुणी हसलं नाही. गव्हर्नरासमोर हसायचं कसं? हसला तो फक्त तिचा नवरा, आयझॅक. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. कर्नल लाल होऊन उठले, आणि पुढच्या रविवारपासून दाराजवळच्या बाकावर बसायला लागले. पहिले बाहेर पडत आणि तरातरा घरी जात. बोलायला थांबत नसत, म्हणून लोक म्हणाले, साहेबाला गर्व आहे.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या खोऱ्यात फळं एकट्यानं उतरत नाहीत. फेब्रुवारी लागला की टेकाडावर उभं राहायचं, तोंडाशी हात धरायचे आणि 'कूऽऽई' करून हाक मारायची, आणि ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं. कुणाची हाक कुठली, हे तान्ह्या पोरालाही कळतं. हाक आली की हातातलं काम टाकायचं, शिडी खांद्यावर घ्यायची आणि निघायचं. आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे. यात आभार नसतात, आमंत्रण नसतं. ज्याला हाक मारत नाहीत तो शेजारी नव्हे, नुसता जवळपास राहणारा माणूस.

कर्नलांच्या बागेची फळं उतरवायला पहिल्या वर्षी सगळे आले. न बोलावता आले, दोन दिवसांत नऊ एकर रिकामे केले. आणि कर्नलांनी काय करावं? सगळ्यांना रांगेत उभं केलं, आभाराचं भाषण ठोकलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हस्तांदोलन करत गेले. सायलस थॉर्प, खालच्या बागेचा मालक, जिभेनं तिखट माणूस. तो परतताना म्हणाला, "पुढच्या वर्षी बहुतेक पदकं वाटतील."

त्यानंतर कर्नल वाट बघत बसले. रोज सकाळी बूट घालायचे, शिडी भिंतीला लावून ठेवायची आणि पायरीवर बसायचं. धुक्यातून हाका येत. ही थॉर्पची, ही ल्यूकस भावांची, ही डॉर्कसची. खांद्यावर शिड्या घेतलेली माणसं धुक्यातून निघत आणि धुक्यात शिरत, पाण्याखालून चालल्यासारखी. कर्नलांच्या नावाची हाक कधी आली नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्याही नाही. आणि त्यांची फळं मात्र दर वर्षी लोक बिनबोलावता उतरवून जात. हा आदर होता. आदर किती दुष्ट असतो, हे ज्याला मिळतो त्यालाच ठाऊक.

धक्क्यावर कुणी विषय काढला की थॉर्प म्हणे, "अरे, गव्हर्नराला शिडीवर चढवायचं? आणि पडला म्हणजे? होबार्टहून चौकशी येईल बाबा. आणि दुसरं म्हणजे, माझ्या आज्याला गावाबाहेर पाऊल टाकायला गव्हर्नराची सही लागायची. आता त्याच्या गळ्यात मी टोपली अडकवू? मला नाही जमायचं."

डॉर्कस म्हणे, "पाहुण्याला कुणी कामाला लावतं का?"

एक आयझॅक तेवढा वेगळा. त्याची आणि कर्नलांची बाग एकाच कुंपणाची. पहिल्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जून-जुलैत, कर्नल कात्री घेऊन झाडांशी झुंजत होते, तेव्हा कुंपणावर कोपरं टेकून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ती फांदी चुकीची कापलीत."

"कुठली?"

"सगळ्याच."

साठ वर्षांत कर्नलांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी ते दोनदा जेवले. त्यानंतर तीन हिवाळे आयझॅकनं त्यांना छाटणी शिकवली, कुंपणापलीकडूनच, बोटानं दाखवत. "झाड असं मोकळं पाहिजे, की पाखरू आरपार गेलं तरी पंख लागू नये. हं. आता ती. ती नव्हे हो, ती! पलटणीत नेम कसा धरायचात देव जाणे." पण हाक मारण्याचं काम त्याच्या घरात डॉर्कसचं. आयझॅकच्या छातीत तेवढी हवाच उरली नव्हती.

चौथ्या वर्षी इंग्लंडहून बहिणीचं पत्र आलं. हॅरिएट बाथ गावात राहायची. तिनं लिहिलं होतं, 'बागेकडच्या खिडकीची खोली तुझ्यासाठी लावून ठेवलीय. पुरे झालं हम्फ्री, आता घरी ये.' घरी! कर्नलांनी हिशेब केला, तर बाथमध्ये सगळे मिळून ते चौदा आठवडे राहिले होते. तरी पत्र त्यांनी उशाखाली ठेवलं. मनाशी ठरवलं, की या हंगामात एक हाक आली तर राहायचं, नाही तर निघायचं. पंधरा जूनच्या जहाजावर जागाही सांगून ठेवली. हंगाम आला आणि गेला. हाक नाही.

एप्रिलच्या शेवटी कुंपणापाशी त्यांनी आयझॅकला सांगितलं, "मी जातोय."

"हं." आयझॅक म्हणाला, "का?"

"मला कुणी बोलावत नाही." साठी उलटलेला माणूस, त्यानं असं म्हणायचं! लाज वाटली, तरी त्यांनी बोलून टाकलं. "चार वर्षं मी बूट घालून बसतोय, आयझॅक."

आयझॅकला हसू आलं, हसण्यातून खोकला. खोकला सरल्यावर तो म्हणाला, "तुम्ही याल हे सगळ्यांना माहीत आहे हो. तुम्ही जाल, याची भीती वाटते लोकांना. गव्हर्नर जातातच. जाणाऱ्या माणसाची सवय कशाला लावून घ्यायची?" आणि डोंगराकडे बघत म्हणाला, "मी मारली असती हाक. पण आता खोकलाच तेवढा ऐकू जातो."

मे महिन्याच्या एका पहाटे घंटा वाजायला लागली. कर्नल त्यांच्या त्या पाच मिनिटांत होते. घंटा आधी माल्टाची वाटली, मग छावणीतल्या तासाची, मग एलिनॉर कुठूनशी म्हणाली, "मोज ना हम्फ्री." ते मोजू लागले. आमच्याकडे माणूस गेला की जितकी वर्षं तितके टोल. साठ, एकसष्ट, बासष्ट. चौसष्टाला घंटा थांबली आणि कर्नल अंथरुणात उठून बसले. खोऱ्यात चौसष्ट वर्षांचा माणूस एकच होता.

कबर आमच्याकडे भाडोत्री माणसं खणत नाहीत. सहा शेजारी खणतात, आणि ते सहा कोण हे घरातली बाई ठरवते. ती स्वतः दारोदार जाऊन सांगते. न सांगता कुणी फावड्याला हात लावायचा नाही, मग कितीही जीव तुटो. आणि डोक्याकडची बाजू कुंपणाच्या शेजाऱ्याची. त्याला वगळलं तर सगळं खोरं समजतं, की त्या दोन घरांत काही उरलं नव्हतं.

कर्नलांनी दाढी केली. बूट घातले. फावडं दाराशी उभं केलं, मग बरं दिसत नाही म्हणून आत नेलं, मग पुन्हा दाराशी ठेवलं. आणि खिडकीत बसले. धुकं इतकं दाट, की फाटकाचे नुसते दोन खांब दिसत होते. थोड्या वेळानं त्यातून काळी शाल पांघरलेली डॉर्कस आली. कर्नल उभे राहिले. डॉर्कस फाटकापाशी आली, आणि फाटकावरून सरळ पुढं गेली.

खालच्या वळणावर थॉर्पचं दार वाजलेलं त्यांना ऐकू आलं. मग कुत्रं भुंकलं, म्हणजे ल्यूकसांकडे. दोघे भाऊ, म्हणजे तीन झाले. मग पलीकडच्या काठाला वल्ह्याचा आवाज, म्हणजे ती नदीपारही गेली. चार, पाच. सहावा कुणीही असू शकतो, धक्क्यावरचा तोलारी, पेट्या बनवणारा सुतार, कुणीही. कर्नल खाली बसले आणि बूट काढायला लागले. एका बुटाची नाडी सुटली. दुसरीची गाठ बसली होती म्हणून ते तिच्याशी झटत होते, तेवढ्यात दार वाजलं.

"कर्नल," डॉर्कस म्हणाली. साहेब म्हणाली नाही. "आयझॅक गेला."

"घंटा ऐकली. चौसष्ट."

"पासष्टावं लागलं होतं. पण पाद्रीबाबा टोल द्यायला कंजूष." ती दाराच्या चौकटीला टेकली. धाप लागली होती. "तुमचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. इथून माझं दार जवळ. दोनदा चढ चढवत नाही आता." तिची नजर आतल्या ट्रंकेवर गेली. "जाताय म्हणे?"

"पंधरा जूनला."

"बरं. जायचं तर जा. आज मात्र फावडं घेऊन या. डोक्याकडची बाजू तुमची." मग त्यांच्या एका पायातल्या बुटाकडे बघून म्हणाली, "गुडघ्याला झेपेल ना?"

"झेपेल."

"न झेपलं तरी खणा."

चर्चमागच्या उतारावर जमीन चिकणमातीची. सहा जण खणायला लागले तेव्हा थॉर्पनं सवयीनं कर्नलांच्या हातातलं फावडं धरलं. "राहू द्या साहेब. तुम्ही आजवर कोनशिला बसवल्यात. तीन फावडी माती टाकायची आणि टाळ्या. इथं टाळ्या नाहीत."

"डॉर्कसनं मला सांगितलंय," कर्नल म्हणाले, आणि फावडं सोडलं नाही. थॉर्पनं त्यांच्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

एक तास गेला. धुकं वर उचललं, खाली नदी दिसायला लागली, झोपलेल्या बाईच्या खांद्यावर रात्रीचं हिम चमकत होतं. कर्नलांच्या तळहातावर फोड आले, फुटले. माती गार आणि जड. खणताना ते कुठं आहेत याचा त्यांना एकदाही अंदाज घ्यावा लागला नाही. आणि खरं सांगायचं तर ते सुखात होते. इतक्या सुखात, की त्यांना स्वतःशीच गुणगुणावंसं वाटलं. मला बोलावलं. मला बोलावलं. फावड्यागणिक तेच मनात वाजत होतं.

छातीपर्यंत खड्डा झाला तेव्हा थॉर्प वरून म्हणाला, "कर्नल, तुमची कड वाकडी जातेय."

"कुठली?" कर्नलांनी विचारलं.

थॉर्पनं बोटानं नीट दाखवलं. "ही. डावीकडची."

कर्नल त्या कडेकडे बघत राहिले. सगळ्याच, असं कुणी म्हणालं नाही. तसं म्हणणारा माणूस चर्चच्या आत शवपेटीत निजला होता, आणि आपण त्याच्यासाठी खणतोय, आणि तासभर आपण आनंदात होतो! फावडं त्यांच्या हातून पडलं. ते खड्ड्यात खालीच बसले आणि रडायला लागले. पलटणीतला माणूस आवाज दाबून रडतो तसे नव्हे, पोरासारखे, मोठ्यानं. एलिनॉर गेली तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत उभे होते, तेव्हा रडता आलं नव्हतं, तेही त्यात असावं. ल्यूकस भाऊ दुसरीकडे बघू लागले.

थॉर्प खड्ड्यात उतरला. मग त्यानं फावडं उचलून कर्नलांच्या हातात दिलं.

"रडा की," तो म्हणाला. "कोण नको म्हणतंय? पण खणत खणत रडा. दुपारी पाऊस आहे, आणि अजून दोन फूट राहिलंय." त्याचंही नाक लाल झालं होतं, आणि तो थंडीला शिव्या देत होता.

कर्नल उठले. डावी कड सरळ केली.

पाऊस यायच्या आत आयझॅकला मातीआड केलं. मग पायबसांच्या स्वयंपाकघरात सगळे दाटीवाटीनं बसले, चहा झाला, शहाजिऱ्याचा केक झाला, कुणीतरी आयझॅकची एक जुनी फजिती सांगितली आणि सगळे हसले, कर्नलांच्या देखत हसले. माणसं पांगल्यावर कर्नल टोपी घेऊन निघाले. डॉर्कस कपबशा गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आमच्या बागेची छाटणी राहिलीय. सगळी. मला शिडीवर चढवत नाही."

"कधीपासून करायची?"

"सोळा जूनपासून."

कर्नल दारात थांबले. डॉर्कसनं एक कप पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

"त्याच्या आधी नाही का जमणार, डॉर्कस?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या आधी मला वेळ नाही."

"बरं," कर्नल म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "बरं. सात वाजता येतो."

"साडेसहाला या," डॉर्कस म्हणाली.